नळीच्या वाटेनं वर, पाचनईनं खाली

सगळ्यात आधी पाण्याबद्दल सांगते, कारण नळीच्या वाटेला, म्हणजे नाळेतून (डोंगरातल्या अरुंद, उभ्या घळीतून) हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर चढणाऱ्या वाटेला, जायचं म्हटलं की लोक दोर, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), कातळटप्पे हेच विचारतात आणि पाण्याचं कोणी विचारत नाही. माणशी ४ लिटर. त्याच्या खाली नाही. नाळेत डिसेंबर-जानेवारीपर्यंत कुठेतरी खड्ड्यात साठलेलं पाणी मिळतं म्हणे, आम्हाला एका जागी मिळालंही, पण त्याच्या भरवशावर निघायचं नाही, कारण एकदा नाळेत शिरलात की वर कोकणकडा येईपर्यंत ना घर ना झाप, काही नाही. ४ लिटर म्हणजे नुसत्या पाण्याचं ओझं ४ किलो, त्यात जेवण, टॉर्च, जॅकेट, हेल्मेट धरून सॅक सहा-साडेसहा किलोची होते आणि ती घेऊन हजार मीटरच्या वर चढायचंय, तेही पायवाटेवरून नाही, दगडांवरून.

मी ४७ वर्षांची. हरिश्चंद्रगड आधी तीन वेळा केलेला, दोनदा खिरेश्वरकडून तोलार खिंडीतून, एकदा पाचनईकडून. पहिल्यांदा गेले तेव्हा कॉलेज नुकतंच संपलेलं आणि कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली बघितलं होतं, खाली इतक्या खोल कुठेतरी कौलारू घरं आणि शेतांचे चौकोन दिसत होते. कोणीतरी म्हणालं ते बेलपाडा, तिथून वर यायला एक वाट आहे. मला ते खरंच वाटलं नव्हतं, कारण कडा सरळ सुद्धा नाही, आत गेलेला आहे, वाटीला आतून पोखरावं तसा. तेव्हापासून ते डोक्यात होतं. मग लग्न, मुलगी, नोकरी, कल्याणला घर, आणि मधली वीस वर्षं फक्त सोप्या किल्ल्यांची गेली.

यंदा जानेवारीत जमलं. बरोबर माझी नणंद होती, ती माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, आणि बाकी आमच्या ओळखीतलाच एक छोटा ग्रुप, सगळे मिळून १४. लीड करणारा मुलगा अठ्ठावीसचा असेल पण डोंगरात त्याचं डोकं एकदम शांत. त्यानं आधीच अट घातली होती, दोन महिने तयारी केली नाही तर घेणार नाही. मग मी आमच्या बिल्डिंगचे सात मजले सॅक पाठीवर घेऊन रोज सकाळी चढ-उतर, आधी तीन वेळा, मग पाच, शेवटच्या आठवड्यांत आठ वेळा. चढण्यापेक्षा उतरणं जास्त केलं, कारण गुडघे उतरताना बोलतात.

कल्याणहून शुक्रवारी रात्री निघालो, मुरबाड, टोकावडे करत कल्याण-नगर रस्त्यानं माळशेजच्या अलीकडे आणि मोरोशीच्या आसपास गाडी मुख्य रस्ता सोडून आत वळली. बेलपाड्याला पोचलो तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. एका घराच्या ओसरीत दोन-अडीच तास पाठ टेकली. झोप कसली. चार वाजता चहा-पोहे, तोपर्यंत वाटाड्या दादा आले. पन्नाशीच्या पुढचे, अंगानं काटक, पायात साधी प्लास्टिकची चप्पल, खांद्यावर एक पाण्याचा कॅन आणि कमरेला कोयता, एवढंच. अंधारात समोर काहीच दिसत नव्हतं, फक्त एका उंचीच्या वर तारे होते आणि त्याच्या खाली नव्हते. तो कडा.

४ वाजून ५० मिनिटांनी निघालो. आधी भाताची कापलेली खाचरं, मग झाडी, मग ओढ्याच्या कडेकडेनं वाट. हेडटॉर्चच्या उजेडात पुढच्याच्या टाचा बघत चालायचं एवढंच काम. इथं ढोरवाटा इतक्या फुटतात की वाटाड्या नसेल तर पहिल्या तासातच माणूस चुकणार, आणि नाळा पण एकापेक्षा जास्त आहेत, भलत्याच नाळेत शिरलं तर वर कुठेतरी अडकून बसायची वेळ येते. म्हणून बेलपाड्यातला माणूस बरोबर घेतल्याशिवाय ही वाट करू नये असं माझं ठाम मत आहे. ज्यांना जीपीएसवर फार विश्वास आहे त्यांनी नाळेच्या तळाशी, दोन्ही बाजूला उभ्या भिंती असताना, फोन काय दाखवतो ते बघावं.

साडेसहाच्या सुमारास ओढ्याच्या पात्रात उतरलो आणि खरी वाट सुरू झाली. पात्रात पाणी नाही, नुसते धोंडे. नारळाएवढे, पोत्याएवढे, रिक्षाएवढे आणि काही तर एका खोलीएवढे. पावसाळ्यात जे पाणी या नाळेतून कोसळतं त्यानं वरून आणून टाकलेले. उजाडायला लागलं तसा कोकणकडा समोर दिसायला लागला, आधी करडा, मग त्याच्या डोक्यावर उजेडाची एक रेघ, आणि मग आम्ही सगळे आपोआप थांबलो. वरून बघितलेला कडा आणि खालून बघितलेला कडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरून तो भीती दाखवतो. खालून तो तुम्हाला कवेत घेतल्यासारखा दोन्ही बाजूंनी पुढे आलेला दिसतो, आणि त्याच्यावर आडव्या पट्ट्या, एकावर एक, लाव्ह्याच्या एकेका थराच्या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हे सगळं उकळतं वाहत होतं म्हणे. ते थर मला त्या दिवशी पायांनी कळले, कारण जिथं टणक थर तिथं नाळेत उभा कातळटप्पा, आणि जिथं ठिसूळ थर तिथं घसारा, म्हणजे सुट्या दगडमातीचा उतार. दिवसभर हेच आलटून पालटून.

धोंड्यांवरून चालायची एक पद्धत असते आणि ती पहिल्या अर्ध्या तासात दादांनी मला शिकवली. मी प्रत्येक दगडावर पाय ठेवून मग हलतोय का बघत होते. ते म्हणाले, "ताई, आधी डोळ्यानं बघा, मंग पाय. ज्याच्याखाली माती धरलीय तो बसलेला. ज्याच्याखाली पोकळ दिसतंय त्याच्यावर भरवसा नको." त्यानंतर मी दगडाकडे बघायच्या ऐवजी दगडाच्या खाली बघायला लागले आणि खरंच फरक पडला. दुसरी गोष्ट, मोठा दगड म्हणजे पक्का दगड असं नसतं. माझ्या पुढचा एक मुलगा फ्रिजएवढ्या धोंड्यावर चढला आणि तो धोंडा हळूच, अगदी आवाज न करता, बोटभर फिरला. एवढंच. पण आम्ही सगळे गप्प झालो.

साडेआठला नाळेच्या तोंडाशी. इथून दोन्ही बाजूच्या भिंती जवळ येतात आणि चढ एकदम अंगावर येतो. हेल्मेट घातली. नाळ पश्चिमेकडे उघडते म्हणून सकाळभर आत सावली असते, हेच लवकर निघायचं खरं कारण, दुपारनंतर ऊन समोरून आत शिरतं आणि मग कातळ तापतो. सकाळी तर गार हवा होती, वरून कुठेतरी पाण्याचे थेंब टपटपत होते. नाश्त्याला माझ्याकडच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कोणाकडचे थेपले, खजूर. दर अर्ध्या तासाला घोटभर पाणी आणि दर दोन तासांनी ओआरएसचं पाणी असं ठरवलेलं, तहान लागो न लागो.

आणि इथंच नणंदेच्या बुटाचा तळ निघाला.

हे नीट सांगते कारण हे कोणाचंही होऊ शकतं. तिचे बूट चांगले, महागाचे, सात वर्षांपूर्वी घेतलेले आणि जेमतेम तीन-चार वेळा घातलेले. माळ्यावर खोक्यात ठेवले होते. वरून नवेकोरे दिसत होते. पण बुटाच्या तळातला जो मऊ थर असतो तो न वापरता ठेवला तरी हवेतल्या ओलाव्यानं आतून कुजत जातो आणि मग एके दिवशी दगडावर आपटला की भुसभुशीत होऊन सुटतो. उजव्या पायाचा तळ टाचेकडून पूर्ण उघडला, अर्ध्या तासात डावाही. ती रडवेली झाली, म्हणाली, "वहिनी, मी इथनंच परत जाते." एकटीला परत कसं पाठवणार, आणि तिच्याबरोबर कोणी गेलं तर वर दोर लावायला हात कमी. लीडरनं सॅकमधून बारीक दोरी काढली, बुटाच्या खालून वरून तीन वेढे घेऊन बांधली, वरून चिकटपट्टी. दगडावर घासून दोरी दर पाऊण तासाला तुटायची आणि आम्ही परत बांधायचो. मी दोन जास्तीच्या नाड्या नेल्या होत्या त्या पण गेल्या. शेवटी वर पोचेपर्यंत सहा वेळा बांधले ते बूट. ती नंतर एकदाही परत जायचं बोलली नाही. ट्रेकच्या आधी दोन आठवडे बूट घालून रोज चालून बघा, जुने असतील तर नक्कीच.

सव्वादहाला पहिला मोठा कातळटप्पा. माझ्या अंदाजानं तीस-पस्तीस फूट. पावसाळ्यात हा धबधबा, म्हणून कातळ पाण्यानं गुळगुळीत झालेला, पण मधे मधे खाचा आहेत. दादा आधी वर गेले, चप्पल हातात घेऊन, अनवाणी, दोन मिनिटांत. मग लीडर, त्यानं वर दोर लावला, आणि मग आम्ही एकेक, हार्नेसला दोर बांधून, वरून बिले देत, म्हणजे वरचा माणूस तो दोर धरून सांभाळतो. एका माणसाला पाच-सहा मिनिटं, म्हणजे सगळे वर यायला सव्वा तास. या वाटेला आठ-दहा तास का लागतात ते इथं कळतं. चढणं कमी आणि थांबणं जास्त, आणि थांबायची जागा पण निवडावी लागते, टप्प्याच्या सरळ खाली उभं राहायचं नाही, भिंतीला चिकटून बाजूला.

माझा नंबर आला तेव्हा पहिले दहा फूट मस्त गेले. मग एके ठिकाणी डाव्या हाताला धरायला काही सापडेना. उजवा पाय थरथरायला लागला, शिवणयंत्रासारखा, ते आपल्या हातात नसतं. वरून लीडर म्हणाला, "ताई, टाच खाली करा." टाच खाली केली आणि थरथर थांबली. इतकं साधं. चवड्यावर उभं राहिलं की पोटरी दमते म्हणून तसं होतं. मग श्वास घेऊन शोधलं तर खाच हाताला लागत नव्हती कारण ती छातीच्या उंचीवर होती आणि मी डोक्याच्या वर शोधत होते. वर गेल्यावर मला खूप वेळ बोलताच आलं नाही.

दुसरा टप्पा छोटा, तिथं नुसता दोर धरून गेलो. त्याच्या वर एका खड्ड्यात पाणी होतं, वर पानं पडलेली पण खाली स्वच्छ, गार, दादांनी आपला कॅन भरला आणि आम्ही बाटल्या. तिथं मागून आवाज ऐकू आले. एक मोठा ग्रुप, चाळीसच्या वर माणसं, कुठला ते लिहीत नाही. त्यांच्यातले पुढचे काही जण आम्ही थांबलोय हे बघून बाजूच्या घसाऱ्यावरून आम्हाला ओलांडून वर गेले, हेल्मेट नाही, ना धड जवळजवळ ना एकेक करून. दहा मिनिटांनी वरून ओरडा आला, "दगड! दगड!" आम्ही भिंतीला चिकटलो. एक कलिंगडाएवढा धोंडा नाळेच्या मधून उड्या मारत खाली गेला, आमच्यापासून फार तर आठ-दहा फुटांवरून, आणि खाली कुठेतरी फुटला, त्याचा वास आला, दगडावर दगड घासला की येतो तसा जळका. खाली त्यांचीच अजून तीस माणसं होती. सुदैवानं कोणाला लागलं नाही. आमचा लीडर कधी आवाज चढवत नाही, त्या दिवशी चढवला. त्यांना वरच थांबवलं, त्यांची सगळी माणसं बाजूला घेतली आणि मगच सगळे हलले.

मला हे मनापासून सांगायचंय. या नाळेत तुमच्या पायाखालून सुटलेला दगड तुम्हाला लागत नाही, तो खालच्याला लागतो. म्हणून घसाऱ्यावर दोनच पद्धती, एकतर सगळे अगदी जवळजवळ चालायचे, म्हणजे दगड सुटला तरी वेग घ्यायच्या आत अडतो, किंवा मग एकानं जायचं आणि बाकीच्यांनी आडोशाला थांबायचं. मधलं काही नाही. आणि दगड सुटला की लाज न बाळगता ओरडायचं, सुपारीएवढा असला तरी. चाळीस-पन्नास जणांना एका वेळी या वाटेनं नेणं चूक आहे, कितीही अनुभवी माणसं बरोबर असली तरी. पंधराच्या वर नकोच.

बाराच्या पुढे ऊन नाळेत आलं आणि माझी ताकद उतरायला लागली. वरचा घसारा असा की दोन पावलं वर, एक खाली, मुरूम आणि बारीक खडी. उजव्या मांडीत गोळा आला, बसले, मीठ-साखरेचं पाणी प्यायले, नणंदेनं मांडी रगडली. त्या वेळी मी वर बघायचं सोडून दिलं. वीस पावलं मोजायची, थांबायचं, परत वीस. असा किती वेळ गेला आठवत नाही, पण सव्वाच्या सुमारास दादा नाळ सोडून बाजूला वळले.

इथून ट्रॅव्हर्स, म्हणजे डोंगराच्या कडेनं आडवं जायचं. वाळलेलं गवत, एका पायापुरती वाट, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला ज्या नाळेतून आलो ती सगळी उघडी, थेट बेलपाड्यापर्यंत. कातळापेक्षा मला याची जास्त भीती वाटली, कारण कातळात धरायला काहीतरी असतं आणि गवत हातात येतं ते मुळासकट. जानेवारीत ते घसरडं पण असतं. लीडरनं एका ठिकाणी दोर लावला. माझी नजर सारखी खाली जायची. दादा पुढे होते, मागे वळून म्हणाले, "बघायचं तर उभं ऱ्हाऊन बघा ताई. चालताना नको." मग मी मधे एकदा थांबले, दोन्ही पाय रोवले आणि नीट बघितलं. सकाळी अंधारात ज्या खाचरांतून चाललो ती दिसत होती. ज्या ओसरीत झोपलो ते घर कुठलं ते पण दादांनी दाखवलं, शेजारचं निळ्या ताडपत्रीचं त्यांचं. ते बघून झालं आणि मग चालताना खाली बघावंसं वाटलं नाही.

त्याच्या पुढे अजून एक छोटा कातळ, मग कारवीचं रान, कारवीच्या काठ्या धरून धरून वर, आणि २ वाजून ५० मिनिटांनी डोकं वर काढलं तर समोर सपाट कातळ, तंबू, आणि लिंबू सरबत विकणाऱ्या मावशी. दहा तास. नणंद बुटांसकट तिथंच आडवी झाली आणि मी तिच्या शेजारी, दोघींनी हात धरला होता एकमेकींचा, कोणी काही बोललं नाही.

पिठलं-भाकरी खाल्ली. मग मी परत कड्याच्या काठाशी पोटावर झोपले, चोवीस वर्षांनी, वाऱ्याचा झोत खालून तोंडावर. याच कड्यावरून कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३५ मध्ये इंद्रवज्र बघितलं असं सांगतात, खाली ढगात गोल इंद्रधनुष्य आणि त्यात आपलीच सावली. आम्हाला तसलं काही दिसलं नाही, कोरडा हिवाळा, लांब आजोबाचा डोंगर धुरकट. पण मी शोधत होते ती नाळ. वरून ती एक सावलीची चीर दिसते फक्त. तिच्यात धोंडे आहेत, पाणी आहे, कारवी आहे, हे वरून कळत नाही.

दादा आमच्याबरोबर जेवले, चहा प्यायले आणि उठले. मला वाटलं आज इथंच राहतील. ते म्हणाले, "घरी म्हैस हाय, धार काढायचीय." आणि कॅन खांद्यावर टाकून दुसऱ्या घाटानं खाली निघून गेले. साडेतीन वाजले होते.

पुढचं भराभर. कोकणकड्यावरून देवळाकडे अर्धा-पाऊण तास रानातून. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, ते कोरीव शिखर, पुष्करणी, सगळं ओळखीचं. केदारेश्वराच्या गुहेत फक्त पाय सोडून बसले पाण्यात. मधे ती मोठी पिंड, चार खांबांपैकी उभा असलेला तो एक खांब, आणि पाणी इतकं गार की पाच मिनिटांत तळव्यांची आग गेली. चार खांब म्हणजे चार युगं आणि शेवटचा पडला की जग बुडणार असं लोक मानतात, तिथं आलेली एक छोटी मुलगी आईला विचारत होती, आपण हात लावला तर पडेल का.

पाचनईकडे उतरायला सव्वापाचला सुरुवात केली. ही वाट सोपी, एका ठिकाणी कड्याच्या पोटाखालून जाते, डोक्यावर पुढे आलेला कातळ, काही ठिकाणी रेलिंग. तरी माझे गुडघे बोललेच. काठी घेतली आणि आडवी पावलं टाकत उतरले, सरळ नाही. नणंद एका मुलाच्या सँडलमध्ये, दोन जोड मोजे घालून. सहाच्या पुढे सूर्य गेला, शेवटचा तास परत हेडटॉर्च. साडेसातला पाचनई. गाडी घाटाला वळसा घालून तिथं येऊन थांबली होती.

राजूरच्या जवळ फोनला रेंज आली आणि पहिलाच फोन वाजला तो दादांचा. ते कधीच पोचले होते, धार काढून झाली होती, जेवण झालं होतं. "समदे उतरले का बरोबर? त्या बुटवाल्या ताई?" मी फोन नणंदेकडे दिला.